खिडकीपासूनचं अंतर

डेट्रॉइटच्या वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर तांब्याच्या हिरव्या छपराचा ३८ मजली मनोरा आहे. नाव बुक टॉवर. बुक हे तो बांधणाऱ्या तिघा भावांचं आडनाव. आजोळ गडगंज जमीनदारांचं, त्यामुळे पैशाला तोटा नव्हता, आणि आपला हा रस्ता न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूच्या तोडीचा करायचा या ध्यासाने तिघेही झपाटलेले. बव्हेरियातून अमेरिकेत आलेला लुई कॅम्पर हा वास्तुरचनाकार त्यांना मिळाला आणि या एका रस्त्यावर त्यांनी एकामागून एक इमारती उठवल्या. १९१७ मध्ये १३ मजल्यांची बुक बिल्डिंग, १९२४ मध्ये बुक कॅडिलॅक हॉटेल, १९२६ मध्ये बुक बिल्डिंगला खेटून हा मनोरा. पुढे ८१ मजल्यांचा आणखी एक मनोरा करायचा बेत होता. तेवढ्यात महामंदी आली आणि तो कागदावरच राहिला.

कॅम्परला जाणकारांनी बरीच नावं ठेवली आहेत. नक्षीचा अतिरेक, प्रमाणाचं भान नाही, वगैरे. छताची कड डोक्यावर तोलून उभ्या असलेल्या दगडी स्त्रिया, वर पुन्हा कमानी, पुन्हा वेलबुट्टी, आणि तरीही हौस फिटली नाही म्हणून शिखरापाशी आणखी कोरीवकाम. मला मात्र ही इमारत पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून आवडते. मोटारींच्या धंद्याने रातोरात श्रीमंत झालेल्या शहराचा सगळा उत्साह तिच्या अंगावर उतरला आहे. तो उत्साह कुणाला भडक वाटत असेल तर वाटो, पण तो खरा होता.

आणि मग ही इमारत रिकामी झाली. एका दिवसात नाही, एका कारणानेही नाही. १९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजार भरली. मधल्या काळात एक्सप्रेस-वे झाले, त्यासाठी कृष्णवर्णीयांच्या नांदत्या वस्त्या पाडल्या गेल्या, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, त्याच्यामागे दुकानं गेली, दुकानांमागे वकील, डॉक्टर, विमा कंपन्या. १९६७ च्या वांशिक उद्रेकानंतर हा ओघ आणखी वाढला. बुक टॉवरमधले भाडेकरू एकेक करून कमी होत गेले. तळमजल्यावरचा एक बार तेवढा शेवटपर्यंत टिकून होता. २००९ च्या जानेवारीत तोही बंद झाला. चारच वर्षांनी, २०१३ मध्ये, खुद्द शहरानेच दिवाळखोरी जाहीर केली. कर्ज सुमारे १८ अब्ज डॉलर. अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची एवढी मोठी दिवाळखोरी तोवर झाली नव्हती.

आम्ही मराठी माणसं या सगळ्याच्या आसपास होतो आणि तरीही त्यात नव्हतो. ‘डेट्रॉइटला असतो’ असं आपण पुण्यात फोनवर सांगतो, पण राहतो उपनगरांत, ट्रॉयमध्ये, नोव्हायमध्ये, कँटनमध्ये, फार्मिंग्टन हिल्समध्ये. मोटार कंपन्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत नोकऱ्या, मुलांच्या चांगल्या शाळा, घरामागे हिरवळ. गणपती शाळेच्या सभागृहात नाहीतर देवळात. डाउनटाउनला जायचं ते मोटारींच्या प्रदर्शनाला किंवा बेसबॉलच्या सामन्याला, आणि दिवेलागणीच्या आत एक्सप्रेस-वे गाठायचा. नवीन आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी आपुलकीने हेच सांगायचं. मलाही सांगितलं, आणि पुढे मीही नव्या लोकांना सांगितलं. त्यामुळे त्या रिकाम्या मनोऱ्यांकडे आम्ही गाडीच्या काचेतून पाहत आलो. मधल्या काळात काय काय गेलं याची यादी मोठी आहे. हडसनचं प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडलं, आणि ती जागा पुढची जवळजवळ वीस वर्षं तशीच पडून होती. याच वॉशिंग्टन बुलेव्हार्डवरचं स्टॅटलर हॉटेल २००५ मध्ये पाडलं, कारण २००६ च्या फेब्रुवारीत शहरात सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, होता आणि पाहुण्यांना पडकी इमारत दिसायला नको होती. बुक टॉवर पाडला गेला नाही. का, याचं एक उत्तर पाडायलाही पैसे लागतात हे आहे. दुसरं उत्तर मला फार उशिरा कळलं, आणि ते माझ्या वडिलांमुळे कळलं.

बेडरॉक या कंपनीने २०१५ मध्ये ही इमारत विकत घेतली. ३० कोटी डॉलरहून जास्त खर्च करून तिचं काम केलं आणि २०२३ च्या जूनमध्ये ती उघडली. आता तिथे २२९ अपार्टमेंट्स आहेत, ११७ खोल्यांचं अपार्टमेंट-हॉटेल आहे, खाली रेस्टॉरंट्स आहेत, काही मजल्यांवर ऑफिसं आहेत. उघडल्यानंतर बाबा इथे आले होते, तेव्हा मी त्यांना घेऊन तिथे एक रात्र राहायला गेले. बाबांची सगळी नोकरी मुंबईत फोर्टमध्ये, एका विमा कंपनीच्या जुन्या इमारतीत झाली. क्लार्क म्हणून लागले, अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मला वाटलं होतं, त्यांना तो घुमट दाखवावा. आत शिरल्यावर तीन मजले उंच गोल दालन आहे आणि त्याच्या माथ्यावर रंगीत काचांचा घुमट. कित्येक दशकं तो कुणाच्या नजरेस पडत नव्हता. कारागिरांनी हजारो काचा उतरवून, साफ करून, फुटलेल्यांच्या जागी जुन्या मेळाच्या नव्या करून तो पुन्हा बसवला. ऊन आत येतं तेव्हा खालच्या संगमरवरावर मधासारखा रंग पसरतो. बाबांनी मान वर करून पाहिलं, ‘छान आहे’ म्हणाले, आणि विचारलं, ‘खोल्या कुठल्या बाजूला आहेत?’

खोलीत गेल्यावर त्यांनी आधी पडदा सरकवला. मग खिडकीकडे पाठ करून थेट दाराकडे चालत गेले आणि पावलं मोजली. नंतर परत आले आणि मला म्हणाले, ‘आमच्या हॉलएवढंच आहे बघ. इथे शेवटचं टेबल असणार. त्याच्यापलीकडे बसवून उपयोग नाही, लेजरमधले आकडे दिसत नाहीत.’

ही एक ओळ माझ्या डोक्यातून जाईना. मी इंजिनिअर आहे, पण इमारतींची नाही. घरी आल्यावर वाचत गेले, ओळखीच्या एका वास्तुविशारद मैत्रिणीला छळलं, आणि लक्षात आलं की बाबांनी जे पावलांनी मोजलं तेच या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. १९२० च्या दशकात ऑफिसच्या इमारतीत वातानुकूलन नव्हतं. फ्लुरोसेंट नळ्या बाजारात यायला अजून दहा-पंधरा वर्षं होती. साध्या दिव्याखाली दिवसभर आकडे लिहायचे म्हणजे डोळ्यांना ताप आणि खोलीत उकाडा. म्हणून भाडेकरूला जागा द्यायची तर तिथे खिडकीचा उजेड आणि वारा पोचायलाच हवा. खिडकीपासून साधारण पंचवीस-अठ्ठावीस फुटांच्या पलीकडची जागा कुणी चांगल्या भाड्याने घेत नसे. त्यामुळे मधे कॉरिडॉर, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, छत उंच, खिडक्या उंच आणि उघडता येणाऱ्या. इमारत रुंद झालीच तर मधे चौक सोडून उजेड आत घ्यायचा.

आता हाच नकाशा घर म्हणून पाहा. कॉरिडॉरच्या बाजूला न्हाणीघर, कपाटं, स्वयंपाकाचा ओटा. खिडकीच्या बाजूला बसायची आणि झोपायची जागा. पंचवीस फुटांत घर नीट बसतं. आम्ही राहिलो त्या खोलीत ओटा जिथे होता तिथवरसुद्धा दुपारी दिवा न लावता भाजी चिरता आली असती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे गणित बदललं. एसी आले, ट्यूबलाइट आल्या, खिडकीची गरज संपली. मजले फुगत गेले. खिडकीपासून लिफ्टपर्यंत चाळीस-पन्नास फूट, काचा पक्क्या बसवलेल्या, मधल्या टेबलांवर बसणाऱ्याला बाहेर पाऊस आहे की ऊन हे जेवणाच्या सुट्टीत कळायचं. अशा मजल्याचं घर करायला घेतलं की अडचण येते. झोपायच्या खोलीला खिडकी हवी. न्यूयॉर्कसारख्या शहरात ती कायद्यानेच सक्तीची आहे. मग एका खिडकीमागे बोगद्यासारखी लांबच लांब अंधारी जागा उरते, आणि तिचं काय करायचं याचं उत्तर कुणाकडे नसतं. कोविडनंतर अमेरिकेतली जवळपास एक पंचमांश ऑफिसची जागा रिकामी पडली तेव्हा सगळेच म्हणायला लागले, करा त्यांची घरं, हाय काय नि नाय काय. पण जमतं ते जास्त करून जुन्यांचं. १९९५ नंतर करसवलतींच्या आधाराने दक्षिण टोकाच्या मॅनहॅटनमध्ये ऑफिसांची सुमारे १३ हजार घरं झाली, त्यातही युद्धापूर्वीच्या मनोऱ्यांचा वाटा मोठा होता. डेट्रॉइटमध्ये बुक टॉवरच्या आधी ब्रॉडरिक टॉवर २०१२ मध्ये आणि डेव्हिड व्हिटनी बिल्डिंग २०१४ मध्ये अशीच राहती झाली. एक १९२८ ची, दुसरी १९१५ ची.

माझ्या घरापासून जवळच याचं उलट उदाहरण होतं. ट्रॉयच्या बिग बीव्हर रोडवर केमार्ट या दुकानांच्या साखळीचं जागतिक मुख्यालय होतं. १९७२ मध्ये उघडलं, २००६ पासून रिकामं. ठेंगणं, अस्ताव्यस्त पसरलेलं, चहूबाजूंनी पार्किंग. रोज कामावर जाताना ते दिसायचं. २०२३ च्या नोव्हेंबरात ते पाडायला घेतलं. म्हणजे ज्या वर्षी ९७ वर्षांची इमारत पुन्हा उघडली त्याच वर्षी ५१ वर्षांची जमीनदोस्त व्हायला लागली. त्या मुख्यालयासाठी रडणारं कुणी मला भेटलं नाही. पण एवढं सिमेंट, एवढं लोखंड, एवढ्या माणसांचे कष्ट पन्नास वर्षांत कचरा होतात याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

उजेड मिळाला म्हणजे सगळं झालं असं अर्थातच नाही. मैत्रिणीने मला समजावलं की खरी झुंज पाण्याशी असते. ऑफिसच्या मजल्यावर स्वच्छतागृहं एका जागी असतात. पाइपांचा एक गठ्ठा वरून खाली गेला की भागतं. घरं करायची तर प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं न्हाणीघर, वेगळी मोरी, धुण्याच्या यंत्राचा वेगळा नळ. म्हणजे प्रत्येक मजल्याला डझनावारी भोकं, आणि ती वरून खाली एका रेषेत. त्या काळच्या अनेक इमारतींत पोलादी तुळयांच्या मधे पोकळ भाजक्या विटा एकमेकींना रेटून बसवलेल्या असतात. त्या एकमेकींच्या आधारानेच टिकतात. एक चुकीच्या जागी कापली की शेजारच्या सैल होतात. म्हणून प्रत्येक भोकाआधी खालून आधार, वरून तपासणी, मगच कटर. याखेरीज शिसं असलेला जुना रंग खरवडून काढायचा, ॲस्बेस्टॉस काढायचं, आगीचे फवारे बसवायचे, जिने धुरापासून सुरक्षित करायचे. बुक टॉवरला बाहेरून, भिंतीला चिकटून वरपर्यंत गेलेला लोखंडी आपत्कालीन जिना होता. शहरातल्या लोकांना तो तिच्या चेहऱ्याचाच भाग वाटायचा. तो काढला. मला त्याची हळहळ वाटते, पण तिसाव्या मजल्यावर लेकराला घेऊन राहणाऱ्या बाईला आग लागल्यावर डेट्रॉइटच्या जानेवारीत त्या जिन्याने उतरा असं कोण सांगणार?

खिडक्या २,४८३. सगळ्या बदलल्या, पण जुन्यांच्याच घडणीच्या. हा हट्ट मालकाचा नसतो, सरकारचा असतो. अमेरिकेत ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतीची दुरुस्ती ठरलेल्या निकषांनुसार केली तर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते. हा दर १९८६ च्या करकायद्यापासून आहे. त्या बदल्यात राष्ट्रीय उद्यान खात्याची माणसं बारीकसारीक गोष्टी पाहतात. खिडकीची चौकट किती जाड, काचेत किती झाक, जुना कॉरिडॉर किती रुंद ठेवला. अशा कित्येक इमारतींत कॉरिडॉरमधली जुनी ऑफिसची दारं तशीच ठेवलेली असतात. चार ऑफिसांचं एक घर झालेलं असतं, त्यातलं एक दार उघडतं, उरलेली तीन आतून भिंत घालून कायमची बंद केलेली, पण कॉरिडॉरमधून चालताना ओळ मोडत नाही. मला ही पद्धत मनापासून पटते. इथे पूर्वी दुसऱ्याच कुणाचा दिवस जात होता, हे राहणाऱ्याला रोज दिसत राहतं.

रात्री आम्ही खाली फिरायला उतरलो. डाउनटाउनच्या रस्त्यांखालून शंभर-सव्वाशे वर्षांपासून वाफेचे नळ गेलेले आहेत. इमारती गरम ठेवायला १९०३ मध्ये ही सोय सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. त्यामुळे थंडीत रस्त्यातल्या झाकणांमधून पांढरी वाफ वर येत असते. एक मुलगी कुत्र्याला घेऊन त्या वाफेतून चालली होती, पायात घरातल्या सपाता. बाबा म्हणाले, ‘आमच्या फोर्टात रात्री नऊनंतर असं कुणी दिसायचं नाही. फक्त वॉचमन आणि मांजरी.’ मग बराच वेळ ते गिरगावबद्दल बोलत राहिले. त्यांचं लहानपण तिथलं. खाली पिठाची गिरणी, शिंपी, दुधवाला, वर तीन मजले बिऱ्हाडं. रात्री अकराला डॉक्टरांना हाक मारायची तर खाली उतरून शेजारच्या जिन्याने वर जायचं. इथले नियोजनकार ज्याला ‘मिक्स्ड-यूज’ म्हणतात आणि ज्यासाठी विशेष परवानग्या लागतात, ते गिरगावात, दादरला, पुण्याच्या लक्ष्मी रोडवर कुणी ठरवून केलेलं नव्हतं. दुकानदाराला गिऱ्हाईक वर राहत होतं आणि वरच्याला वाणी खाली मिळत होता, एवढीच गोष्ट. अमेरिकेत मात्र घर इथे, दुकान तिथे, ऑफिस पलीकडे अशी आखणी कायद्याने करून ठेवली आणि पन्नास वर्षांनी संध्याकाळी सहाला ओस पडणारी शहरं पाहून सगळे हळहळायला लागले.

म्हणून मुंबईची पाठ थोपटावी असंही नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन आठवा. १८६० च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचा सांगाडा आणून उभारलेलं वॉटसन्स हॉटेल ते. पुढे तिथे वकिलांची ऑफिसं, छोटे धंदे, काही बिऱ्हाडं. माणसांनी अखेरपर्यंत गजबजलेली, पण दुरुस्तीला कुणी पैसा घालायला तयार नाही, कारण भाडी चाळीसच्या दशकात गोठवलेली. सज्जे कोसळायला लागले आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. डेट्रॉइटमध्ये इमारती होत्या आणि माणसं निघून गेली. मुंबईत माणसं हटत नाहीत आणि इमारती त्यांच्या अंगावर येतात. बाबांच्या पिढीतल्या कित्येकांनी त्या गोठलेल्या भाड्यावर संसार केले, मुलं शिकवली, त्यांना दोष देणं मला जमणार नाही. पण भाडं आणि दुरुस्ती यांची फारकत झाली की इमारत मरते, हे दोन्ही शहरांत सारखंच.

भाड्याचा विषय निघालाच आहे तर बुक टॉवरबद्दल मला जे खुपतं ते बोलायला हवं. डेट्रॉइट शहरात एका कुटुंबाचं मध्यम वार्षिक उत्पन्न चाळीस हजार डॉलरच्या आसपास आहे. दर चार रहिवाशांमागे तीन कृष्णवर्णीय. ही माणसं शहर बुडत असताना ते सोडून गेली नाहीत. नळाचं पाणी तोडलं गेलं, रस्त्यावरचे दिवे बंद पडले, बस तासन्‌तास आली नाही, तरी राहिली. आणि या मनोऱ्यातली बहुतेक घरं शहरातल्या महागड्या घरांत मोडतात. मिशिगन राज्याने २०१७ मध्ये एक कायदा करून अशा मोठ्या प्रकल्पांना पुढच्या करांतला वाटा परत द्यायची सोय केली, आणि २०१८ मध्ये बेडरॉकच्या चार प्रकल्पांना मिळून सुमारे ६१ कोटी ८० लाख डॉलरची अशी मदत मंजूर झाली. बुक टॉवर त्या चारांतला एक.

मी या मदतीच्या विरोधात नाही. तिच्याशिवाय हे काम झालं नसतं, हे मला हिशोब पाहून पटलं आहे. वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या इमारतीत भाड्याच्या भरवशावर कुणी ३० कोटी डॉलर घालणार नाही. पण लोकांचा पैसा घातला असेल तर लोकांमधल्या शिक्षिकेला, नर्सला, बसच्या ड्रायव्हरला तिथे चार भिंती परवडायला हव्यात, आणि त्या कोपऱ्यातल्या किंवा नावापुरत्या असू नयेत. हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्या एका बाईंशी बाबा गप्पा मारत होते; त्यांना सगळ्यांशी बोलायची सवय आहे. त्या बाईंची आई तरुणपणी याच इमारतीत दाताच्या डॉक्टरकडे यायची, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी विचारलं, ‘तुम्ही इथेच राहता का?’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘नाही, मी बसने येते.’ कुठलीही तक्रार नव्हती त्या बोलण्यात. मला मात्र तो घुमट त्यानंतर पहिल्यासारखा पाहता आला नाही. तो सुंदर आहे, तो वाचवला हे चांगलंच झालं, आणि त्याच्याखाली रोज उभ्या राहणाऱ्या बाईला बसने घरी जावं लागतं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता शहरापुढे यापेक्षा कठीण प्रश्न आला आहे. नदीकाठचं रेनेसान्स सेंटर, जनरल मोटर्सचं नाव मिरवत आलेले ते काचेचे गोल मनोरे, १९७७ मध्ये उघडलेले. मधे ७३ मजल्यांचं हॉटेल, भोवती ३९ मजल्यांचे चार ऑफिस-मनोरे. जनरल मोटर्सने आपलं मुख्यालय हडसनच्या जागेवर झालेल्या नव्या इमारतीत हलवायचं ठरवलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरात बेडरॉकबरोबर एक योजना मांडली. चारांपैकी दोन मनोरे पाडायचे, बाकीच्यांत हॉटेल आणि घरं करायची. एकूण खर्च १.६ अब्ज डॉलर, त्यातले ३५ कोटी सार्वजनिक निधीतून मागितलेले. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर यावर जोरदार वाद झाला. शहराची ओळख आहे, एकही पाडू नका, असं एका बाजूचं म्हणणं. कशाला जपता, ते मनोरे शहराकडे पाठ फिरवून उभे आहेत, असं दुसऱ्या बाजूचं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

मला विचाराल तर आधी टेप घेऊन वर जावं. खिडकीपासून मधल्या भिंतीपर्यंत किती फूट, कुठल्या मजल्यावर उजेड किती आत येतो, पाण्याचे नळ कुठून नेता येतील, याचा नकाशा लोकांसमोर ठेवावा. जे मनोरे राहते होऊ शकतात ते ठेवावेत, आणि जे होऊ शकत नाहीत ते का, हे आकड्यांनी दाखवावं. पाडायचं ठरलं तर पाडलेल्या जागेचं काय होणार हे आधी लिहून घ्यावं, कारण हडसनची मोकळी जागा या शहराने बघितलेली आहे. आणि ३५ कोटी द्यायचे असतील तर किती घरं, किती भाड्याची, किती वर्षांसाठी, हे करारातच असावं. या विषयावर नगरपरिषदेच्या बैठका होतात, त्यांत कुणालाही थोडा वेळ बोलता येतं, ऑनलाइनसुद्धा. उपनगरातल्या माणसाने तिथे बोलावं का, असा प्रश्न मंडळातल्या एकाने मला विचारला. तीस-तीस वर्षं ‘आम्ही डेट्रॉइटचे’ म्हणून सांगत आलो आहोत, तर बोलायलाच हवं, असं मी त्यांना म्हटलं, आणि पुढच्या बैठकीची लिंक ग्रुपवर टाकली.